रास्ना (आमर)

रास्ना (लॅ. व्हँडा टेसेलाटा, कुल ऑर्किडेसी म्हणजेच आमर कुल) ही झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढणारी बहुवर्षायू, सदाहरित ओषधी आहे. तिला संस्कृतात रास्ना, गंधनाकुली व वंदा, तर हिंदीत बांदा अशी नावे आहेत. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश व म्यानमार या देशांच्या उष्ण प्रदेशांत ती नैसर्गिकरीत्या आढळते. महाराष्ट्रात कोकणपट्टी, सह्याद्रीचे उतार आणि पानझडी जंगले येथे, तसेच गावांतील जुन्या आंब्यांवर ती दिसते. तपकिरी जाळीदार रेषांच्या पिवळट-हिरव्या पाकळ्या आणि जांभळट निळा ओष्ठ यांमुळे तिची फुले सहज ओळखता येतात. ही वनस्पती आधारवृक्षातून अन्नरस शोषत नाही. तथापि तिला सर्रास बांडगूळ समजले जाते. तिच्या ऱ्हासाच्या कारणांत या गैरसमजाचाही वाटा आहे.

नावे आणि व्युत्पत्ती

'व्हँडा' हे प्रजातीचे नाव संस्कृतातील 'वंदा' या शब्दावरून आले आहे. जगभरातील बागांत रुळलेल्या ज्या थोड्या वनस्पतींची शास्त्रीय नावे थेट संस्कृतातून घेतलेली आहेत, त्यांत या प्रजातीचा समावेश होतो. संस्कृतात 'वंदा' हा शब्द झाडावर उगवणाऱ्या निरनिराळ्या वनस्पतींना उद्देशून वापरला जाई. अमरकोशात त्याचे पर्याय म्हणून दिलेल्या शब्दांत 'वृक्षादनी' म्हणजे वृक्षाला खाणारी आणि 'वृक्षरुहा' म्हणजे वृक्षावर वाढणारी हे दोन शब्द आहेत. पहिला शब्द खऱ्या बांडगुळाला लागू पडतो, तर दुसरा आमराला. एकाच नावाखाली हे दोन्ही अर्थ नांदत असल्याने पुढे लोकव्यवहारातही या दोन भिन्न वनस्पतींची गल्लत होत राहिली.

'टेसेलाटा' या जातिवाचक शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. फरशीच्या नक्षीकामात वापरल्या जाणाऱ्या लहान चौकोनी तुकड्याला त्या भाषेत 'टेसेला' म्हणतात. पाकळ्यांवरील चौकटीसारख्या रेषांवरून हे नाव पडले आहे. 'आमर' किंवा 'आमरी' हा मराठी शब्द मात्र या एका जातीपुरता मर्यादित नसून झाडांवर वाढणाऱ्या अनेक ऑर्किडांसाठी वापरला जातो.

शास्त्रीय नामकरणाचा इतिहास

कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग (१७५१–१८१५) यांनी या जातीचे वर्णन व चित्र 'प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात १७९५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी झाडांवर वाढणारी बहुतेक ऑर्किडे 'एपिडेंड्रम' या एकाच प्रजातीत घातली जात; त्यामुळे रॉक्सबर्ग यांनी तिला 'एपिडेंड्रम टेसेलाटम' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'एपिडेंड्रम' याचा अर्थ 'झाडावरचे' एवढाच होतो.

एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स (१७४६–१७९४) यांनी संस्कृत ग्रंथांतील वनस्पतींची ओळख पटवण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या टिपणांत 'वंदा' हे नाव या वनस्पतीसाठी वापरलेले आढळते. त्या आधारे रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये 'व्हँडा' ही स्वतंत्र प्रजाती मांडली आणि या जातीला 'व्हँडा रॉक्सबर्गी' असे नाव दिले. संपूर्ण प्रजातीचा नमुना म्हणून हीच जाती मानली जाते. वनस्पतींच्या नामकरणात सर्वांत जुन्या जातिवाचक शब्दाला अग्रक्रम मिळत असल्यामुळे 'टेसेलाटा' हा रॉक्सबर्ग यांचा शब्द कायम राहिला आणि 'व्हँडा टेसेलाटा' हे नाव ग्राह्य ठरले. जुन्या ग्रंथांत व औषधविषयक लेखनात मात्र 'व्हँडा रॉक्सबर्गी' हेच नाव आढळते.

थिओडोर कुक यांच्या 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' (१९०१–१९०८) या ग्रंथात मुंबई इलाख्यातील वनस्पतींमध्ये या जातीचे वर्णन आहे. या प्रदेशातील ऑर्किडांचा स्वतंत्र अभ्यास एच. सांतापाव आणि झेड. कापडिया यांनी 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' (१९६६) या ग्रंथात केला.

वर्णन

खोड व पाने : खोड ३० ते ६० सेंमी. उंच, जाड व बहुधा सरळ असते. ते केवळ टोकाकडून वाढत जाते. पाने दोन ओळींत, एकाआड एक येतात. ती पट्ट्यासारखी अरुंद, चिवट, बाहेरच्या बाजूस वाकलेली आणि मध्यशिरेवर पन्हळीसारखी खोलगट असतात. पानांची लांबी साधारणपणे १५ ते २० सेंमी. असते. पानाचे टोक कुरतडल्यासारखे, असमान दातांचे असते. फुले नसताना ही जाती ओळखण्यास या खुणेचा उपयोग होतो.

मुळे : खोडापासून जाड, लांब व पांढुरकी हवाई मुळे निघतात. काही मुळे सालीला घट्ट चिकटतात, तर काही हवेत लोंबतात. मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे वा दवाचे पाणी हे आवरण झपाट्याने टिपून घेते. कोरडे असताना मूळ रुपेरी दिसते. ओले होताच आवरण पारदर्शक होऊन आतील हरितद्रव्य दिसू लागते आणि मूळ हिरवे भासते. अशी हिरवी मुळे प्रकाशाच्या साह्याने थोडेफार अन्नही तयार करतात.

फुले : फुलोरा पानांच्या बगलेतून येतो. ही मंजरी १५ ते २५ सेंमी. लांब असून तिच्यावर बहुधा ५ ते १२ सुवासिक फुले येतात. फुलाचा व्यास ४ ते ५ सेंमी. असतो. बाहेरील तीन व आतील दोन पाकळ्या आकाराने साधारण सारख्या, कडेने नागमोडी, आतून पिवळट-हिरव्या वा करड्या आणि बाहेरून पांढरट असतात. त्यांवर तपकिरी रेषांची जाळी असते. आतील तिसऱ्या पाकळीचे रूपांतर त्रिखंडी ओष्ठात झालेले असते. ओष्ठाचा मधला खंड जांभळट निळा, तर बाजूचे खंड लहान व पांढरट असतात. ओष्ठाच्या तळाशी शंकूसारखी आखूड शुंडिका असते. कळी उमलण्यापूर्वी फुलाचा देठ अर्धा वळसा घेतो. त्यामुळे मुळात वरच्या बाजूस असलेला ओष्ठ खाली येतो आणि कीटकाला उतरण्यासाठी जणू ओटा तयार होतो. महाराष्ट्रात फुले प्रामुख्याने उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीस येतात.

फळ : फळ म्हणजे ७ ते ९ सेंमी. लांबीचे, ठळक कंगोरे असलेले बोंड होय. ते पिकण्यास कित्येक महिने लागतात. पिकल्यावर बोंडाला उभ्या चिरा पडून भुकटीसारखे सूक्ष्म बी वाऱ्यावर उडून जाते.

सारख्या दिसणाऱ्या जाती

महाराष्ट्रात ऑर्किडांच्या शंभराहून अधिक जातींची नोंद आहे. झाडांवर वाढणाऱ्या जातींपैकी 'सीतेची वेणी' (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा) हिची रास्नेशी गल्लत होण्याची शक्यता असते. तिची पाने अधिक रुंद असतात आणि लहान, पांढऱ्या-गुलाबी फुलांचा दाट घोस खाली लोंबतो. रास्नेची फुले मोठी, विरळ आणि वर झेपावणाऱ्या दांड्यावर असतात. व्हँडा टेस्टेशिया ही त्याच प्रजातीतील दुसरी जाती असून तिची फुले पिवळी व बरीच लहान असतात.

अधिवास

रास्ना ही अपिवनस्पती आहे. म्हणजे ती दुसऱ्या वनस्पतीवर केवळ आधारासाठी वाढते. तिला मातीची गरज नसते. पावसाचे पाणी, हवेतील बाष्प, सालीवर साचणारी धूळ आणि कुजणारा पालापाचोळा यांतून तिला पाणी व खनिजे मिळतात. अन्न ती स्वतःच्या पानांत तयार करते. घनदाट, सावलीच्या अरण्यापेक्षा विरळ झाडी, जंगलाच्या कडा, शेताच्या बांधावरील झाडे व जुन्या आमराया तिला अधिक मानवतात. म्हणून मनुष्यवस्तीच्या जवळही ती टिकू शकते.

आधारवृक्ष : आंबा, ऐन, जांभूळ, मोह अशा खडबडीत सालीच्या झाडांवर ती वाढते. आधारवृक्षाची जात कोणती, यापेक्षा त्याच्या सालीचे गुणधर्म अधिक महत्त्वाचे ठरतात. साल भेगाळलेली असेल तर त्या भेगांत बी अडकते, ओलावा टिकतो आणि कवके वाढतात. निलगिरीसारखी जी झाडे आपली साल वरचेवर सोलून टाकतात, त्यांच्यावर कोवळे रोप टिकणे अवघड असते. सालीला भेगा पडण्यास, तीवर शेवाळे व दगडफुले वाढण्यास अनेक वर्षे जावी लागतात. म्हणून या जातीच्या दृष्टीने जुने झाड आणि त्याच जागी लावलेले नवे रोप यांचे मोल सारखे नसते.

पाण्याची बचत : कोकणात पावसाळ्याचे चार महिने मुबलक पाणी आणि त्यानंतर जवळजवळ आठ महिने कोरडा काळ असे ऋतुमान असते. मुळे मातीत नसल्याने अपिवनस्पतींना हा कोरडा काळ विशेष जाणवतो. व्हँडा प्रजातीतील वनस्पती आपली पर्णरंध्रे दिवसाच्या उन्हात बहुतांशी मिटलेली ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डाय-ऑक्साइड साठवून घेतात. दिवसा त्या साठ्याचा वापर करून अन्ननिर्मिती होते. निवडुंगातही अशीच व्यवस्था आढळते. जाड पाने आणि मुळांचे स्पंजासारखे आवरण या व्यवस्थेला पूरक ठरतात.

जीवनचक्र

ऑर्किडांचे परागकण सुटे नसून त्यांचे चिकट देठ असलेले पुंज बनलेले असतात. फुलाला भेट देणाऱ्या कीटकाच्या अंगाला हा पुंज चिकटतो आणि त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर पोचला तरच परागण साधते. संपूर्ण पुंज एकाच वेळी पोचत असल्याने एका यशस्वी भेटीतून असंख्य बिया तयार होतात. परंतु भेट चुकली तर सारेच वाया जाते. म्हणून फुले पुष्कळ असली तरी बोंडे थोडीच धरलेली दिसतात.

बी अत्यंत सूक्ष्म असते. त्यात अंकुराला पोसणारे पुष्क नसते. भाताच्या वा हरभऱ्याच्या दाण्यात अंकुराची शिदोरी बरोबर असते. ऑर्किडाचे बी मात्र रिकाम्या हाताने निघते. सालीवर पडल्यावर योग्य त्या कवकाचे धागे बियात शिरले, तरच त्यांच्याकडून मिळणाऱ्या अन्नावर ते रुजते. ऑर्किडाच्या बियांना रुजण्यासाठी कवकाची गरज असते, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी शर्करायुक्त पोषकद्रव्यावर कवकाविना बी रुजवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. निसर्गात मात्र कवकाला पर्याय नाही. रुजलेल्या रोपाला प्रथम फुले येण्यास कित्येक वर्षे लागतात.

अशा रीतीने या जातीचे अस्तित्व जुने झाड, सालीवरील कवक आणि परागण करणारा कीटक या तिघांवर अवलंबून असते. तिघांपैकी एक जरी नाहीसा झाला, तरी आधीची रोपे काही वर्षे हिरवी दिसत राहतात. नवी पिढी मात्र तयार होत नाही.

बांडगूळ आणि रास्ना यांतील फरक

खरे बांडगूळ (डेंड्रॉफ्थी फॅल्काटा, कुल लोरँथेसी) कोकणातील आंब्यांवर सर्वत्र आढळते. ते अर्धजीवोपजीवी आहे. त्याची पाने हिरवी असून ती अन्न तयार करतात. परंतु पाणी व खनिजे मिळवण्यासाठी त्याची शोषकांगे आधारवृक्षाच्या फांदीत घुसतात. बांडगूळ धरलेली फांदी त्या ठिकाणी गाठीसारखी फुगते आणि पुढे तिचा शेंडा वाळू शकतो. त्याची चिकट फळे फुलटोच्यासारखे पक्षी खातात व बी फांद्यांवर पसरवतात. बागायतदार बांडगूळ कापून टाकतात, ते योग्यच आहे.

रास्नेची मुळे सालीच्या पृष्ठभागावरच राहतात. ती जिवंत ऊतकांत शिरत नाहीत. म्हणून ती सोडवली असता सालीवर केवळ त्यांचा ठसा उरतो, जखम होत नाही. दोहोंतील फरक पुढील खुणांवरून कळतो :

बांडगुळाची पाने रुंद व अंडाकृती असतात. रास्नेची पाने पट्ट्यासारखी, दोन ओळींत असतात.

बांडगुळाला लाकडी फांद्या फुटतात आणि त्याचे झुडूप होते; रास्नेचे खोड बहुधा सरळ व पानांनी वेढलेले असते.

बांडगुळाच्या तळाशी आधारवृक्षाच्या फांदीला गाठ येते. रास्नेच्या तळाशी गाठ नसून पांढुरकी मुळे पसरलेली दिसतात.

बांडगूळ जिवंत झाडावरच जगते. रास्ना वाळलेल्या खोडावर किंवा लाकडाच्या ओंडक्यावरही वाढवता येते. ती वृक्षाचा अन्नरस घेत नसल्याचा हा सर्वांत सोपा पुरावा होय.

निर्मळ आणि वसई परिसर

निर्मळ हे पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील गाव नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, समुद्रकिनाऱ्याजवळच्या सखल पट्ट्यात वसले आहे. तेथील तळे, शंकराचार्यांचे मंदिर व कार्तिकातील यात्रा प्रसिद्ध आहेत. गास, भुईगाव, वाघोली, कळंब ही आसपासची गावे होत. झाडांवर वाढणाऱ्या आमरांना कोकण किनाऱ्यावर कशा प्रकारचा अधिवास लागतो, हे समजून घेण्यासाठी हा पट्टा चांगले उदाहरण आहे.

या पट्ट्याचे वैशिष्ट्य म्हणजे येथील वाड्या. केळी, पानवेल, नारळ, फुलझाडे व भाजीपाला यांच्या बागायतीबरोबर वाडीच्या कडेला आंबा, फणस, जांभूळ, चिंच असे मोठे वृक्ष राखण्याची पद्धत पूर्वापार आहे. वाड्यांना पाणी पुरवण्यासाठी विहिरी आणि 'बावखले' असत. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे खोदलेले लहान तळे होय. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींना खारे पाणी लागण्यास अटकाव होतो. बावखलांतील पाणी, दाट बागायत आणि समुद्रावरून येणारे वारे यांमुळे उन्हाळ्यातही वाड्यांतील हवेत ओलावा राहतो. जुनी खडबडीत साल, गाळीव ऊन आणि दमट हवा या अपिवनस्पतींच्या तिन्ही गरजा अशा ठिकाणी भागतात.

किनाऱ्याच्या पूर्वेस, लोहमार्ग व राष्ट्रीय महामार्ग ओलांडल्यावर, तुंगारेश्वरचे डोंगर सुरू होतात. तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौ.किमी. आहे. ते दक्षिणेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व ईशान्येकडील तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा मानले जाते. येथील पानझडी व निमसदाहरित जंगलात ऐन, जांभूळ, मोह असे वृक्ष आहेत. ऑर्किडांचे धुळीसारखे बी वाऱ्याबरोबर दूरवर जाऊ शकते. म्हणून डोंगरातील जंगल आणि किनाऱ्यावरील वाड्या यांचा संबंध या वनस्पतींच्या बाबतीत पूर्णपणे तुटलेला नसतो. परंतु बी जेथे पडेल तेथे जुने झाड असावे लागते. दोहोंच्या मधल्या भागात इमारतींची दाटी वाढली की हे अंतर ओलांडणारे बी वाया जाते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वसई-विरार परिसराचे नागरीकरण वेगाने झाले. वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना २००९ मध्ये झाली, तर पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. या परिसरातील हिरवा पट्टा, पाणी व वाड्या टिकाव्यात यासाठी साहित्यिक व धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई' चळवळ उभी राहिली. ती एखाद्या विशिष्ट वनस्पतीसाठी नव्हती. तथापि वाडी टिकली तर तिच्या कडेचे वृक्ष टिकतात आणि वृक्ष टिकले तर त्यांवरील आमरेही टिकू शकतात, या दृष्टीने तिचे महत्त्व आहे.

औषधी उपयोग आणि नावाचा गोंधळ

आयुर्वेदात रास्ना हे महत्त्वाचे वातहर द्रव्य मानले आहे. चरकसंहितेत वातहर द्रव्यांत तिला श्रेष्ठ स्थान दिले आहे. महारास्नादी काढा, रास्नासप्तक, रास्नादी गुग्गुळ या कल्पांच्या नावांतच तिचा उल्लेख आहे. तथापि ग्रंथांतील 'रास्ना' म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयी एकमत नाही. राजनिघंटूत रास्नेचे मूळ, पत्र व तृण असे तीन प्रकार सांगितले आहेत. व्यवहारात तीन भिन्न कुलांतील वनस्पती या नावाने वापरल्या जातात : उत्तर भारतात प्लुचिया लॅन्सिओलाटा (सूर्यफुलाचे कुल), दक्षिणेत अल्पिनिया गॅलंगा म्हणजे कोळिंजन (आल्याचे कुल) आणि बंगालसह पूर्व भारतात व्हँडा टेसेलाटाची मुळे. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलाटा हिला मान्यता आहे.

या गोंधळाचा परिणाम वनस्पतीवरही होतो. पहिल्या दोन वनस्पती जमिनीत वाढतात आणि त्यांची लागवड करणे शक्य आहे. व्हँडाची मुळे काढली की सबंध रोप आधारापासून सुटते व मरते. त्याची जागा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून औषधासाठी जंगलातून होणारे संकलन हे या जातीला अधिक मारक ठरते. लोकवैद्यकात पानांचा रस कानदुखीवर आणि मुळे संधिवातावर वापरल्याच्या नोंदी आहेत. प्रयोगशाळांत दाहशामक गुणांविषयी प्राण्यांवर काही चाचण्या झाल्या आहेत. तेवढ्यावरून माणसांतील उपयुक्तता सिद्ध होत नाही.

संकरण आणि लागवड

व्हँडा गटातील ऑर्किडे जगभर शोभेसाठी वाढवली जातात. सिंगापूरचे राष्ट्रीय पुष्प असलेले 'व्हँडा मिस जोकिम' हे याच गटातील संकरित ऑर्किड प्रथम १८९३ मध्ये नोंदले गेले व १९८१ मध्ये त्याला राष्ट्रीय पुष्पाचा मान मिळाला; आधुनिक वर्गीकरणात ते पॅपिलिओनँथी या जवळच्या प्रजातीत धरतात. व्हँडा टेसेलाटाचाही सुगंध, जाळीदार रंगसंगती आणि निळसर ओष्ठ यांमुळे संकरणात उपयोग करण्यात आला आहे.

बागेत ही जाती लाकडाच्या ओंडक्यावर, जाळीच्या टोपलीत किंवा झाडाच्या खोडावर काथ्याने बांधून वाढवतात. ओलावा टिकवण्यासाठी नारळाची सोडणे वापरतात. मुळांभोवती पाणी साचल्यास ती कुजतात. म्हणून मोकळी हवा आवश्यक असते. बियांपासून प्रयोगशाळेत निर्जंतुक पोषकद्रव्यावर हजारो रोपे तयार करता येतात. अशी रोपे उपलब्ध झाल्यास जंगलातील झाडे ओरबाडण्याचे कारण उरत नाही. ऑर्किडांच्या संशोधनासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय केंद्र १९९६ पासून सिक्कीममधील पाक्योंग येथे कार्यरत आहे.

धोके

या जातीचा प्रसार विस्तृत असल्याने सबंध जातीच्या लोपाचा धोका आज दिसत नाही. स्थानिक पातळीवर मात्र ती एकेका गावातून नाहीशी होऊ शकते. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे :

जुन्या वृक्षांची तोड : रस्तारुंदी, इमारती आणि वाड्यांचे भूखंडांत रूपांतर यांमुळे मोठी झाडे जातात. एका झाडाबरोबर त्यावरील सर्व अपिवनस्पती एकाच दिवशी नष्ट होतात.

बांडगूळ समजून काढून टाकणे : झाडाची निगा राखण्याच्या हेतूने अजाणता हे घडते.

संकलन : औषधासाठी वा शोभेसाठी रोपे उपटली जातात. फुलांच्या काळात ही जाती नजरेस भरते आणि त्याच वेळी, बी तयार होण्यापूर्वी, ती काढली जाते.

फवारणी : फळबागांतील कीटकनाशके परागण करणाऱ्या कीटकांना, तर बुरशीनाशके सालीवरील सहजीवी कवकांना घातक ठरू शकतात.

पाणवठे बुजवणे : बावखले, तळी व विहिरी बुजवल्यास परिसरातील हवेचा ओलावा घटतो आणि उन्हाळ्यात अपिवनस्पतींवर ताण येतो.

कायदेशीर संरक्षण

संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पती यांच्या व्यापाराविषयीच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्व ऑर्किडांच्या देशोदेशींच्या व्यापारावर नियंत्रण आहे. ही जाती त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येते. भारतातील वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचीत निळा व्हँडा (व्हँडा सेरुलिया) याचा नावानिशी समावेश आहे. व्हँडा टेसेलाटाचा नाही. तथापि अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून कोणतीही वनस्पती काढण्यास मनाई असल्याने तेथे तिला आपोआप संरक्षण मिळते.

वस्तीतील झाडांबाबत महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील झाडांचे जतन करण्याविषयीचा १९७५ चा अधिनियम लागू होतो. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हणण्यात आले. अपिवनस्पतींचा या कायद्यात स्वतंत्र विचार नाही. परंतु वयाला महत्त्व देणारी ही तरतूद त्यांच्या दृष्टीने उपयोगी आहे, कारण त्यांचा अधिवास बहुधा अशाच झाडांवर असतो. एका जुन्या वृक्षाच्या बदल्यात अनेक रोपे लावल्याने सावलीची भरपाई कालांतराने होऊ शकते. सालीवरील कवके, शेवाळे व आमरे यांची भरपाई मात्र त्या रोपांना वय आल्यावरच सुरू होते.

संवर्धन

या जातीच्या रक्षणाचा मुख्य उपाय म्हणजे तिचे आधारवृक्ष राखणे हा होय. देवळे, चर्च, शाळा, तळ्यांचे काठ व वाड्यांच्या सीमा येथील जुन्या झाडांची गणना करताना त्यांवरील अपिवनस्पतींचीही नोंद ठेवल्यास गावाच्या जैवविविधतेची माहिती पूर्ण होते. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांनी तयार करावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत अशा माहितीला स्थान आहे.

वादळात झाड पडल्यास किंवा परवानगीने तोडावे लागल्यास त्यावरील रास्ना सालीच्या तुकड्यासह अलगद सोडवून जवळच्या खडबडीत सालीच्या झाडावर बांधता येते. पावसाळ्याच्या सुरुवातीस केलेले असे स्थलांतर यशस्वी होण्याची शक्यता अधिक असते, कारण त्या काळात नवी मुळे फुटून सालीला धरतात. जंगलातील निरोगी रोप घरी आणून लावणे याला संवर्धन म्हणता येत नाही. त्यामुळे एका ठिकाणची वनस्पती कमी होते आणि तिचा परागण करणाऱ्या कीटकांशी असलेला संबंधही तुटतो.

शालेय अभ्यासाच्या दृष्टीनेही ही जाती उपयुक्त आहे. अपिवनस्पती व जीवोपजीवी यांतील भेद, हवाई मुळांचे कार्य आणि वनस्पती व कवक यांचे सहजीवन या तीनही गोष्टी तिच्या आधारे प्रत्यक्ष समजावून देता येतात. आंब्यावरील हिरवा झुबका बांडगुळाचा आहे की आमराचा, हे पानांवरून व मुळांवरून ओळखणे विद्यार्थ्यांना जमण्यासारखे आहे. ही ओळख पटलेल्या वाडीत झाडाची छाटणी करताना बांडगूळ काढले जाते आणि रास्ना फांदीवर राहते.